मी हात वर केला होता

२०२४ च्या जुलैमध्ये मी जपानला एक पत्र पाठवलं. चार पानी, हाताने लिहिलेलं. सुरुवातीला ऋतूचा उल्लेख, शेवटी प्रकृतीची चौकशी आणि मधे आदरार्थी क्रियापदांची रांग. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्या पत्राबद्दल आज एवढंच बरं बोलता येतं.

पत्र एका कार्टूनच्या शेवटाबद्दल होतं. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो.

कार्टून हा शब्द मुद्दाम वापरला. एके काळी मी तोच वापरायचो आणि माझ्या चुका तिथपासूनच मोजायला हव्यात. २०१० साली मी पुण्यात जपानी शिकवत होतो. तोंडी परीक्षेआधी वर्गात प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, असा माझा नियम होता. एका मुलीने विषय आणला 'के-ऑन!'. शाळेच्या संगीत क्लबातल्या मुली, गिटार-बेस-ड्रम-कीबोर्ड, आणि सरावापेक्षा चहा-केकच जास्त. ती तयारी करून आली होती. त्या मे महिन्यात मालिकेची दोन गाणी जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होती, हेही तिने लिहून आणलं होतं. मी मालिका पाहिली नव्हती. म्हणालो, "चहा पिणाऱ्या पोरींच्या कार्टूनवर पाच मिनिटं काय बोलणार? इकेबाना घे." वर्ग हसला. वर्ग हसला की मला बरं वाटायचं. तिने इकेबाना घेतलं, पाच मिनिटं निर्दोष बोलली आणि पुढच्या पातळीला प्रवेश घेतला नाही. कारण दुसरंही असेल. मी विचारलं नाही.

तीन वर्षांनी एका गटाबरोबर दुभाषा म्हणून शिगा प्रांतात गेलो. तोयोसातो नावाच्या गावात एक जुनी प्राथमिक शाळा आहे, १९३७ सालची, व्होरीस नावाच्या अमेरिकी वास्तुरचनाकाराने बांधलेली. जिन्याच्या कठड्यावर ससा-कासवाच्या छोट्या धातूच्या मूर्ती. एके काळी ही इमारत पाडायचं घाटत होतं. वरच्या एका खोलीत बाकं जोडून ठेवली होती आणि त्यावर कपबशा मांडलेल्या होत्या, 'के-ऑन!' मालिकेत असतात तशा. चाळिशीतला एक गृहस्थ रुमालाने कप पुसत होता. मी विचारलं, तुम्ही इथे नोकरीला आहात का? तो म्हणाला, नाही, सुट्टी काढून आलोय. आमच्या गटातले लोक हसले. मला मात्र इकेबानावर बोलणारी ती मुलगी आठवली.

त्यामुळे २०१५ च्या एप्रिलमध्ये 'हिबिके! युफोनियम' सुरू झाली तेव्हा मी शहाणा झालो होतो, निदान माझी तशी समजूत होती. स्टुडिओ तोच, क्योतो ॲनिमेशन. ही मालिका बघायला मला दोन खासगी कारणं होती. एक म्हणजे ती घडते उजी गावात. १९९२ साली मी वर्षभर क्योतोतल्या फुशिमीत राहत होतो आणि केइहान रेल्वेच्या उजी मार्गावरची ती छोटी गाडी माझी रोजची होती. नदी, पूल, चहाची दुकानं, दाइकिचीयामाची टेकडी, सगळं जसंच्या तसं काढलेलं. दुसरं कारण म्हणजे पितळ. शाळेत मी कॉर्नेट वाजवायचो. त्याबद्दल पुढे सांगतो. तिथपर्यंत मी कसा पोहोचलो, तेही सांगायचं आहे.

युफोनियम म्हणजे ट्युबाचा धाकटा भाऊ. मांडीवर घेऊन वाजवायचा, आवाज मऊ आणि भरदार. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्येही असतो, पण वरातीत नाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. नसला तर मात्र काहीतरी रिकामं वाटतं. मालिकेतली कुमिको कितौजी नावाच्या शाळेच्या बँडमध्ये हे वाद्य वाजवते. जपानात शालेय बँडची अखिल देशीय स्पर्धा १९४० पासून आहे. मोठ्या गटात वादक जास्तीत जास्त पंचावन्न, वेळ बारा मिनिटं. त्यात एक नेमलेली रचना आणि एक स्वतः निवडलेली. घड्याळ पुढे गेलं की शाळा बाद. पदकं सुवर्ण, रौप्य, कांस्य, पण सुवर्ण मिळूनही पुढच्या फेरीत निवड झाली नाही तर त्याला मुलं 'दामे-किन' म्हणतात, म्हणजे फुकट गेलेलं सोनं. पहिल्याच भागात अशा सोन्यावर तिच्याच बँडमधली रेइना रडत असते आणि कुमिको तिला म्हणून जाते, की तू खरंच राष्ट्रीय फेरीची आशा धरली होतीस का? नको ते नको तेव्हा बोलण्याचा मला दांडगा अनुभव असल्यामुळे मी त्या क्षणी कुमिकोचा झालो.

आयानो ताकेदा यांच्या मूळ कादंबऱ्या मागवल्या आणि जपानीत वाचल्या. इथून दुसरी चूक. जे वाचलं ते पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. वर्गातल्या निम्म्या मुलींना कुमिको आणि रेइनाची जोडी हवी होती. उत्सवाच्या रात्री दोघी टेकडीवर जाऊन वाजवतात तो भाग त्यांनी कितीदा पाहिला असेल, देव जाणे. मी फळ्याशी उभा राहून सांगून टाकलं, की कादंबरीत कुमिको बँडमधल्याच शूइची नावाच्या मुलाबरोबर जाते. एक मुलगी आठवडाभर माझ्याशी फक्त व्याकरणापुरतं बोलली. मला वाटलं, मी माहिती दिली.

त्याच वर्षी मी एक वाक्य बोललो. ते पुढे माझ्याच अंगावर येणार होतं. पहिल्या पर्वात ट्रम्पेटच्या सोलोसाठी दोघींची सगळ्यांसमोर पुन्हा परीक्षा होते. एक तिसऱ्या वर्षाची, सगळ्यांची लाडकी, शेवटची संधी असलेली काओरी. दुसरी पहिल्या वर्षाची रेइना, निर्विवाद सरस. वर्गात दोन तट पडले. मी रेइनाच्या बाजूने तावातावाने म्हणालो, "वयाने मोठी म्हणून सोलो द्यायचा असेल तर बँड कशाला काढता, पंगत बसवा आणि ज्येष्ठांना आधी वाढा!" वर्ग पुन्हा हसला.

१८ जुलै २०१९ ला फुशिमीतल्या त्या स्टुडिओच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. छत्तीस माणसं गेली. जवळचं स्टेशन रोकुजिझो. मी तिथे कित्येकदा उतरलो होतो. 'युफोनियम'च्या सगळ्या पात्रांचे चेहरे ज्यांनी आखले त्या शोको इकेदाही गेल्या. त्या आठवड्यात मी वर्ग घेतला नाही. माणसाने असं का केलं, हे पुढे खटल्यात आलं. स्टुडिओने आपल्या कादंबरीतल्या कल्पना चोरल्या, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. २०२४ च्या जानेवारीत क्योतोच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. ती बातमी मी वर्गात उतारा म्हणून वाचायला दिली होती. 'चोरणे' या क्रियापदाखाली रेघ मारून.

आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'युफोनियम'चं तिसरं पर्व आलं. जपानात रविवारी संध्याकाळी पाचला एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीवर, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला. आम्ही ते रात्री आमच्या हॉलमध्ये बघायचो. मी, माझी बायको, जुने-नवे पाच विद्यार्थी आणि बटाटेवडे. दिवसभर कुणी फोनवर काही वाचायचं नाही, असा कडक नियम होता. नियम मीच केला आणि मोडत आलो मीच. कारण शेवटच्या कादंबरीचे दोन्ही खंड मी २०१९ सालीच वाचून ठेवले होते.

या पर्वात कुमिको तिसऱ्या वर्षाला आहे, बँडची अध्यक्ष आहे. जो उत्तम तोच वाजवेल, हे धोरण तिचं स्वतःचं. आणि तिच्याच वाद्यावर मायु कुरोए नावाची मुलगी दुसऱ्या शाळेतून येते. चंदेरी युफोनियम, गोड बोलणं, आणि वाजवते उत्कृष्ट. ती पुन्हा पुन्हा म्हणते, मी बाजूला होते. आमच्या हॉलमध्ये मायुविषयी कुणालाच प्रेम नव्हतं. मलाही नव्हतं. पोरं काळजीत पडली की मी आजोबांसारखा हात वर करायचो, "घाबरू नका, मी वाचलंय. सोलो कुमिकोच वाजवते." एकाशी शंभर रुपयांची पैजही लावली. ज्याचा निकाल आपल्याला ठाऊक आहे त्यावर पैज लावणं हे काय आहे, ते तेव्हा मनात आलं नाही.

२३ जूनला बारावा भाग. रेइनाच्या ट्रम्पेटबरोबर कोण वाजवणार, हे ठरवायला पडद्याआड परीक्षा. दोघी एकीमागून एक वाजवतात, बँडमधल्यांनी क्रमांकाला मत द्यायचं. कोणती कुठली हे बघणाऱ्यालाही दाखवत नाहीत. आमच्यातल्या एका मुलाने तिथे थांबवलं. अभियांत्रिकीचा, कमी बोलणारा, हातात नेहमी वही. म्हणाला, आपणही मत देऊ.

मी सगळ्यांत आधी हात वर केला. नुसता केला नाही, भाषणही केलं. मी पितळ वाजवलंय, श्वास कुठे घेतला ते मला कळतं, हा सूर बघा कसा शेवटपर्यंत गोल राहतो, यात तीन वर्षं आहेत तीन वर्षं, ही कुमिको. मुलाने वहीत लिहिलं. पुढे सुरू केलं.

मतं समसमान पडतात. निर्णय रेइनावर येतो. कुमिकोची जिवाची मैत्रीण, तिच्याबरोबर वाजवायचं स्वप्न बघणारी. आणि रेइना क्रमांक सांगते. मी ज्याला हात वर केला होता, तोच. मी टाळी वाजवली. हॉलमध्ये टाळी वाजवणारा मी एकटाच. आणि पडद्याआडून मायु पुढे आली.

कादंबरीतला शेवट त्यांनी बदलला होता.

शांतता होती. एक मुलगी रडत होती. अशा वेळी वयाने मोठ्या माणसाने वडे गरम करायला उठावं. मी बोलायला लागलो. म्हणालो, हा मूळ कृतीचा अपमान आहे. तीन वर्षं राबलेल्या मुलीच्या तोंडचा घास काढला. मायु काय, तिला आयुष्य पडलंय पुढे. हिचं शेवटचं वर्ष होतं, शेवटचं! आवाज चढला होता. वहीवाला मुलगा म्हणाला, "सर, पण तुम्ही मत मायुलाच दिलंत."

"तेव्हा मला माहीत होतं का ती मायु आहे ते?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, माहीत नसावं म्हणूनच लावतात ना पडदा?"

हसावं की नाही, कुणालाच कळेना. मग २०१५ च्या वर्गातली ती मुलगी, आता कंपनीत नोकरी करते, अजून येते, हळूच म्हणाली, "सेन्सेइ, पंगतीचं काय झालं?"

तिथे थांबायला हवं होतं. तो भाग पुन्हा बघायला हवा होता. त्यानंतर दोघी टेकडीवर भेटतात. रेइनाला कुमिकोचा आवाज ओळखू आलेला असतो आणि तरी तिने दुसरीला निवडलेलं असतं. कुमिको मरणाची कळवळून रडते, पण निकाल चुकीचा होता असं म्हणत नाही. ते मला त्या रात्री दिसलंच नाही. जपानातही त्या आठवड्यात लोक दोन्ही बाजूंनी पेटले होते. कुणी कुमिकोसाठी रडत होतं, कुणी म्हणत होतं, मालिकेने नऊ वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळला. हे दुसरं म्हणणं मला पटेना, कारण तो शब्द मीही दिला होता.

३० जूनला शेवटचा भाग झाला. बँडला राष्ट्रीय सुवर्ण मिळालं, पुढे कुमिको त्याच शाळेत शिक्षिका होऊन परतते. सुंदर भाग. मी तो हाताची घडी घालून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओला पत्र लिहायला बसलो.

जपानी आदरार्थी भाषेत अपमान फार चांगला करता येतो. तीस वर्षं शिकवलेलं सगळं मी तिथे ओतलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: आपण आमच्याकडून कुमिकोला चोरून नेलंत. क्रियापद तेच. जानेवारीत मी ज्याखाली रेघ मारली होती. लिहिताना मला ते अलंकारिक वाटलं. छान वाटलं, खरं सांगायचं तर. दोनदा वाचलं, लिफाफा बंद केला आणि ८ जुलैला टपाल कार्यालयात जाऊन स्पीड पोस्टने पाठवला. बायकोने विचारलं, काय होतं? म्हणालो, प्रमाणपत्राचं काम.

पावतीवर क्रमांक असतो, त्यावरून पत्र कुठवर पोहोचलं ते बघता येतं. मी रोज बघायचो. १७ जुलैला ते उजीत, स्टुडिओच्या कार्यालयात पोहोचलं. त्या संध्याकाळी वर्गात मुलं दुसऱ्या दिवशीचं काही ठरवत होती. कशाचं म्हणून मी विचारलं. एकजण म्हणाली, "उद्या अठरा ना, सर. पाच वर्षं झाली."

मी फळा पुसायला वळलो. फळा कोराच होता.

तिथे डाक कोण उघडत असेल, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. माझ्या मनात 'स्टुडिओ' होता, माणसं नव्हती. तिसऱ्या पर्वाच्या श्रेयनामावलीत पात्ररचनेपुढे शोको इकेदांचं नाव तसंच ठेवलेलं आहे. ते मी तेरा रविवार वाचलं होतं. ज्या घरातली छत्तीस माणसं 'तुम्ही माझं चोरलंत' म्हणणाऱ्या एकाच्या रागात गेली, त्या घराच्या पत्त्यावर, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, उत्तम हस्ताक्षरात मी तेच क्रियापद पाठवलं होतं. पत्र कुणी वाचलं की गठ्ठ्यात गेलं, मला कळायला मार्ग नाही. उत्तर आलं नाही. माफीचं पत्रही लिहिलं, दोन पानी. ते पाठवलं नाही. ते पुन्हा कुणालातरी वाचत बसावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी मी पोरांना सगळं सांगितलं. पैजेचे शंभर रुपये दिले. वहीवाल्या मुलाने एवढंच विचारलं, "पण सर, तुम्हाला एवढं का लागलं?" मी म्हणालो, कुमिको आवडते म्हणून. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायला मला आणखी वर्ष लागलं. ते आता इथे सांगतो.

१९७९ च्या जानेवारीत मी दहावीत होतो. शाळेच्या बँडला जिल्ह्याच्या स्पर्धेत जायचं होतं. मेरठहून आणलेल्या दोन कॉर्नेट होत्या. एक माझ्याकडे, दुसरी आठवीतल्या एका मुलाकडे. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि सीझनला तोही वडिलांबरोबर जायचा, म्हणून शाळेत त्याला हसायचे. मीही हसायचो. सोलो सोळा मात्रांचा. लष्करातून निवृत्त झालेले आमचे बँडमास्तर, त्यांनी क्रीडासाहित्याच्या खोलीत दोघांकडून वाजवून घेतलं. पडदा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. तो वाजवत असताना मी माझी कॉर्नेट पिशवीत घालायला लागलो होतो.

दोन दिवसांनी मास्तरांनी खाली बघत सांगितलं, सोलो तू वाजवायचास, तुझं शेवटचं वर्ष आहे. माझे वडील शाळेच्या समितीवर होते. मी एक शब्द बोललो असतो तर मास्तरांना तेवढा आधार पुरला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी बोललो, पण त्या मुलाशी. म्हणालो, "तुझी अजून दोन वर्षं आहेत." तो म्हणाला, "हो दादा."

स्पर्धेत मी बरा वाजवला. तिसरा क्रमांक आला. घरी पेढे वाटले.

तीन-चार वर्षांनी एका वरातीत मी वऱ्हाडात होतो आणि तो समोर लाल कोटात वाजवत होता. त्याने मला ओळखलं. वाजवणं थांबवलं नाही, मीही थांबलो नाही. मंडप जवळ आला होता.

कितौजीच्या बँडमधल्या तीसेक मुलामुलींची नावं मी आजही न चुकता कांजीत लिहून दाखवीन. त्या मुलाचं आडनाव मला आठवत नाही.